उत्तरेकडील रानांतली गोचीड



चैत्र जवळ आला म्हणजे आपल्याकडे बाजारांत कैऱ्या दिसूं लागतात, माठ बाहेर निघतात आणि दुपारच्या वेळीं रस्ते ओस पडतात. त्याच दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य टोंकाला असलेल्या मेन नांवाच्या संस्थानांतील रानें मात्र अजून बर्फाखालीं असतात. त्या बर्फांत मूस या जातीचें प्रचंड हरिण रात्रभर बसून सकाळीं उठून गेलें, कीं त्याच्या देहाच्या आकाराचा एक खळगा मागें राहतो. रानांतून हिंडणाऱ्या माणसाला अलीकडे या खळग्यांत पुष्कळदां एक विलक्षण देखावा दिसतो. पांढऱ्या शुभ्र बर्फावर तांबडे डाग पडलेले असतात, आणि त्या डागांत मधून मधून द्राक्षाएवढे करड्या रंगाचे फुगीर दाणे पडलेले असतात. हे दाणे म्हणजे पोटभर रक्त पिऊन गळून पडलेल्या गोचिडी होत. आणि आज मला आपणांशी बोलावयाचें आहे तें या गोचिडींविषयीं व त्यांच्यामुळें संकटांत सांपडलेल्या त्या हरणाविषयीं.

गोचीड आपल्याला नवी नाहीं. आज शहरांत राहणाऱ्या माझ्या कित्येक श्रोत्यांनीं लहानपणीं आजोळच्या गोठ्यांत गाईच्या कानामागून किंवा कासेजवळून गोचिडी ओढून काढतांना कोणाला तरी पाहिलें असेल, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर ती टाकतांच होणारा ‘फट्’ असा आवाजही त्यांच्या कानांत असेल. अंगावर दहापांच गोचिडी असल्या तर गाय शेपटीनें वारते, कान फडफडविते आणि रवंथ करीत राहते. त्या फार वाढल्या तर ती रोडावते व दूध आटतें. आतां कल्पना करा, कीं वर्षाच्याही आंतल्या एका पाडसाच्या अंगावर चाळीस-पन्नास हजार गोचिडी एकाच वेळीं लागलेल्या आहेत. हा आंकडा मी चुकून बोललों असें कोणाला वाटेल, म्हणून पुन्हां सांगतों : चाळीस ते पन्नास हजार.

मूस हा शब्द ऐकून आपल्याला सोनाराची मूस आठवणें साहजिक आहे. पण तिच्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतून तो शब्द इंग्रजींत आला, आणि साल सोलून खाणारा असा कांहींसा त्याचा अर्थ होतो. नांव अन्वर्थक आहे. हरिणवर्गांत एवढें मोठें जनावर दुसरें नाहीं. खांद्याशीं सहा फूट उंच, वजन चार-पांचशें किलो; आपल्या सह्याद्रींतलें चांगलें थोराड सांबरही त्याच्यापुढें निम्में वाटावें. लांबट, लोंबत्या ओठाचें तोंड, गळ्याखालीं कातड्याची झोळी, आणि नराच्या डोक्यावर सुपासारखीं पसरट शिंगें. इंग्लंडांत याच प्राण्याला एल्क म्हणतात, आणि अमेरिकेंत एल्क म्हटलें कीं दुसरेंच हरिण समजलें जातें. हा घोटाळा टाळण्यासाठीं मी सरसकट मूस हेंच नांव वापरणार आहें. अलास्का सोडल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत अधिक मूस मेनमध्यें आहेत, आणि तेथील लोकांना त्यांचा मोठा अभिमान वाटतो.

या गोचिडीला तिकडे हिंवाळी गोचीड म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव डर्मासेंटर आल्बिपिक्टस. माणसांत लाइम नांवाचा रोग पसरविणारी म्हणून जी गोचीड अमेरिकेंत बदनाम झाली आहे ती ही नव्हे. ही माणसाच्या वाटेस क्वचितच जाते. पुष्कळ जातींच्या गोचिडी एका जन्मांत दोन-तीन यजमान बदलतात; आधीं एखादा उंदीर किंवा पक्षी, आणि मोठेपणीं एखादें मोठें जनावर. हिंवाळी गोचिडीचें तसें नाहीं. आपल्या गाईगुरांवरील नेहमींच्या गोचिडीप्रमाणेंच ती ज्या जनावरावर एकदां चढली त्याच्याच अंगावर दोनदां कात टाकते, वयांत येते, जोडी जमविते, आणि अंडीं घालण्यापुरतीच खालीं उतरते. शरदांत मिळालेलें एकच बिऱ्हाड तिला वसंतापर्यंत पुरतें.

जून महिन्याच्या सुमारास पाचोळ्यांत मादी कांहीं हजार अंडीं घालून मरते. उन्हाळ्याच्या शेवटीं त्यांतून खसखशीच्या दाण्यासारखीं, सहा पायांचीं पिलें बाहेर पडतात. सप्टेंबर लागला कीं हीं पिलें गवताच्या व झुडपांच्या शेंड्यांकडे चढूं लागतात, आणि शेंकड्यांनीं एकत्र येऊन, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून गुच्छ करून बसतात. त्यांना उडी मारतां येत नाहीं, पाठलाग करतां येत नाहीं. त्यांचें सारें कर्तृत्व वाट पाहण्यांत आहे. तेवढ्यांत एखादा मूस झुडपाला घासून जातो. गुच्छांतल्या एकाचा पाय त्याच्या केंसांत गुंततो, आणि त्याच्या मागोमाग सारा गुच्छ साखळीसारखा ओढला जातो. यांत आणखी एक दुर्योग असा, कीं सप्टेंबर-ऑक्टोबर हाच मूसच्या माजाचा काळ. या दिवसांत नर-मादी एरव्हींपेक्षां अधिक भटकतात, आणि जितकी भटकंती अधिक तितक्या अधिक झुडपांना अंग लागतें.

बर्फ पडून कडाक्याची थंडी आली, कीं झुडपांवर उरलेलीं पिलें संपलीं. जीं अंगावर पोंचलीं त्यांना मात्र बाहेरच्या थंडीशीं कर्तव्य नाहीं. दाट केंसांच्या मुळाशीं त्यांचा हिंवाळा उबेंत जातो. थोडें रक्त पिऊन तीं कात टाकतात व कांहीं आठवडे जवळजवळ स्वस्थ राहतात. जानेवारीपासून पुन्हां पिणें सुरू होतें, आणि मार्च-एप्रिलांत पूर्ण वाढलेल्या माद्या अंग तट्ट फुगेपर्यंत पितात. हे दोन महिने मूसच्या दृष्टीनें वर्षांतले सर्वांत उपासमारीचे. हिंवाळाभर काटक्या व साली चघळून जगलेल्या पाडसाच्या अंगावर आतां चरबी उरलेली नसते. अशा वेळीं फार गोचिडी लागलेल्या पाडसाच्या शरीरांत जेवढें रक्त असतें, जवळजवळ तेवढेंच रक्त या आठ आठवड्यांत काढून नेलें जातें. तें पुन्हां तयार करावयाचें तर सत्त्व कोठून आणावयाचें? जनावर आपल्याच स्नायूंना जाळूं लागतें. एप्रिल संपतां संपतां, झाडांना पालवी फुटण्याच्या थोडें आधीं, तें एके दिवशीं बसतें आणि पुन्हां उठत नाहीं.

पूर्ण वाढलेला मूस बहुधा यांतून वांचतो, पण कोणत्या रूपांत! खाजेनें बेजार होऊन तो झाडांच्या बुंध्यांना अंग घासतो, जिभेनें व दांतांनीं खांद्यावरचे केंस उपटतो. गडद तपकिरी केंसांचीं टोंकें तुटून खालचे पांढुरके खुंट तेवढे राहतात, आणि सारें जनावर राख फांसल्यासारखें दिसूं लागतें. तिकडचे लोक अशाला घोस्ट मूस, म्हणजे भुतासारखा मूस, म्हणतात. आल्बर्टा विद्यापीठांतील विल्यम सॅम्युएल यांनीं या गोचिडीचा अनेक वर्षें अभ्यास करून २००४ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याच्या नांवांतही ही भुताची उपमा आलेली आहे. मादी वांचली तरी तिचें वजन घटतें. जुळीं होण्याचें प्रमाण कमी होतें, आणि तरुण माद्या वेळेवर गाभण राहत नाहींत. म्हणजे मेलेलीं पाडसें मोजून हानीचा पुरता हिशेब लागत नाहीं. जीं जन्मासच आलीं नाहींत तींही त्यांत धरावीं लागतात.

हा हिशेब घालण्याचें काम न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर पेकिन्स व त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या चिकाटीनें केलें. हिंवाळ्याच्या मध्यावर हेलिकॉप्टरमधून जाळें टाकून पाडसें पकडावयाचीं, त्यांच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधावयाचा आणि त्यांना सोडून द्यावयाचें. पट्टा बराच वेळ हलला नाहीं कीं त्याचा संकेत बदलतो. मग माणसें बर्फांतून चालत त्या ठिकाणीं जातात, आणि प्रेताच्या कातड्याचे ठराविक तुकडे घेऊन त्यांवरील गोचिडी मोजतात. मेन व न्यू हॅम्पशायर मिळून २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत ज्या पाडसांवर अशी पाळत ठेवली होती, त्यांपैकीं सुमारें शेंकडा ७० मेलीं, आणि प्रत्येक मृत पाडसावरील गोचिडींची सरासरी ४७ हजारांच्या घरांत निघाली. अशी साथ पूर्वींही मधून मधून येत असे. पण ओळीनें तीन वर्षें ती यावी, ही गोष्ट अभ्यासकांना नवी होती. पुढें २०२२ च्या वसंतांत मेनच्या एका भागांत तर पट्टे बांधलेल्या ७० पाडसांपैकीं ६० मेलीं.

येथें चाणाक्ष श्रोत्यांच्या मनांत एक प्रश्न आला असेल. त्याच रानांत पांढऱ्या शेपटीचीं लहान हरणें राहतात, तींही त्याच झुडपांमधून जातात. मग गोचिडी त्यांना कां मारीत नाहींत? या प्रश्नाचें उत्तर मला सगळ्या विषयांतील सर्वांत मनोरंजक भाग वाटतें. पांढऱ्या शेपटीचें हरिण अंगाला खाज सुटो वा न सुटो, जणूं पोटांत घड्याळ असल्याप्रमाणें ठराविक वेळानें आपलें अंग चाटतें, दांतांनीं विंचरतें. शरदांत खसखशीएवढीं पिलें अंगावर आलीं, कीं तीं मोठीं होण्यापूर्वींच या नित्यनेमांत बहुतेक निघून जातात. मूसला हा नित्यनेम नाहीं. खाज सुटेल तेव्हां खाजवावयाचें, एवढेंच तो जाणतो. आणि लहान पिलांची खाज त्याला जाणवत नाहीं. जाणवते ती माघ-फाल्गुनांत, तेव्हां गोचिडी मोठ्या झालेल्या असतात आणि केंस उपटण्यापलीकडे कांहीं साधत नाहीं. याचें कारण असें दिसतें, कीं पांढऱ्या शेपटीचें हरिण अमेरिकेंतलेंच जुनें रहिवासी, आणि ही गोचीडही तेथलीच. दोघांची ओळख फार प्राचीन. मूस मात्र आशियांतून बेरिंगच्या वाटेनें, हिमयुग सरतां सरतां, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबानें कालपरवां तेथें आला. नव्या गांवांत आलेल्या या पाहुण्याला तेथील चोरांच्या वेळा अजून कळलेल्या नाहींत.

पण हें अज्ञान तर हजारों वर्षांचें आहे. मग संकट आतांच कां वाढलें? दोन कारणें एकत्र आलीं. पहिलें हवेचें. गोचिडीच्या पिलांचा झुडपावरील मुक्काम बर्फ पडेपर्यंतच. बर्फ आठ-पंधरा दिवस उशिरा आलें, कीं तितके दिवस त्यांना अधिक मिळाले, आणि त्या दिवसांत जाणारा प्रत्येक मूस अधिक ओझें घेऊन गेला. तसेंच वसंतांत. रक्त पिऊन गळलेली मादी खोल, थंड बर्फावर पडली तर बहुधा मरते. उघड्या पाचोळ्यावर पडली तर अंडीं घालण्यास जगते. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील हिंवाळा गेल्या कांहीं दशकांत दोन्ही बाजूंनीं आंखडला आहे, आणि त्याच्या या दोन कडाच गोचिडीच्या आयुष्यांतील नाजूक घटका होत्या. कॅनडाच्या दूर वायव्येला यूकॉनमध्येंही ही गोचीड आतां आढळते.

दुसरें कारण माणसाच्या कुऱ्हाडीचें आहे, आणि त्याची चर्चा तितकीशी होत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत मेनमधील स्प्रूस व फर वृक्षांवर एका अळीची मोठी धाड आली. झाडें वाळण्यापूर्वीं लाकूड हातीं लागावें म्हणून मैलच्या मैल रान तोडलें गेलें. त्या उघड्या जागीं कोंवळीं झाडें दाट उगवलीं, आणि कोंवळी डहाळी म्हणजे मूसचें पक्वान्न. मूसची संख्या झपाट्यानें वाढली. एके काळीं दुर्मिळ झालेल्या या जनावराच्या शिकारीला कित्येक वर्षांच्या बंदीनंतर १९८० सालीं ७०० परवाने देऊन पुन्हां आरंभ झाला, याचा तेथें केवढा आनंद झाला असेल! परंतु एका चौरस मैलांत जितके मूस अधिक, तितक्या वसंतांत गळणाऱ्या माद्या अधिक, आणि तितके पुढच्या शरदांतले गुच्छ अधिक. संरक्षणाच्या यशांतच हें नवें संकट पोसलें गेलें.

हीच गोष्ट अटलांटिकच्या पलीकडे, फिनलंडांत, वेगळ्या वेषांत घडली आहे, म्हणून तिकडे क्षणभर वळतों. तेथेंही मूस आहेत, आणि तोडलेल्या रानांत नवीं झाडें वाढूं लागल्यावर तेथेंही त्यांची संख्या १९७० नंतर फार वाढली. तेथें गोचीड नव्हे, तर एक चपटी, चिवट माशी त्यांचें रक्त पिते. फिनिश लोक तिला मूसमाशी अशाच अर्थाचें नांव देतात. ही रशियाच्या बाजूनें १९६० च्या सुमारास देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत शिरली, आणि पुढील पन्नास वर्षांत उत्तरेकडे सरकत आर्क्टिक वृत्ताच्या थोड्या अलीकडेपर्यंत गेली. शरदांत ती मूसच्या अंगावर उतरते आणि उतरतांच आपले पंख मोडून टाकते. पुन्हां उडणें नाहीं. एकेका मूसच्या अंगावर अशा दहा-दहा हजार माशा सांपडल्या आहेत. त्यांच्यामुळें मूस मरतात असें दिसत नाहीं. परंतु रानांत बेऱ्या वेंचावयास जाणाऱ्या माणसांच्या केंसांत व मानेवर त्या येऊन बसतात, आणि कांहींना त्यांच्या चाव्यानें महिनोन् महिने न जाणारे पुरळ उठतात. नॉर्वे-स्वीडनच्या सरहद्दीवर २००६-०७ सालीं केंस झडलेले मूस पुष्कळ दिसले, त्याचें कारणही हीच माशी. उत्तरेस रेनडियर पाळणारे लोक तिच्या प्रवासाकडे काळजीनें पाहत असतात.

आतां उपायाकडे वळूं. अमेरिकेनें एका गोचिडीला पूर्वीं हद्दपार केलें आहे. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडीविरुद्ध १९०६ सालीं सरकारनें मोहीम उघडली; लाखों गुरें औषधी पाण्याच्या हौदांतून पुनःपुन्हां पोहवून काढलीं, आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीवरील एक पट्टा सोडून सारा देश मोकळा केला. पण गाय दावणीला असते; मूसला हौदाकडे कोण नेणार? जमिनींतील एक बुरशी गोचिडीच्या पिलांना मारते, तिचे प्रयोग व्हरमॉन्टमध्यें झाले आहेत. परंतु लाखों एकर रानांत ती पसरावयाची कशी, आणि पसरल्यावर इतर कोणते जीव तिच्या तडाख्यांत येतील, हे प्रश्न राहतातच.

राहिला तो उपाय ऐकण्यास कठोर आहे. मूसची संख्याच कमी करावयाची. व्हरमॉन्टच्या वनाधिकाऱ्यांचें म्हणणें असें, कीं चौरस मैलास एकाहून अधिक मूस असले म्हणजे गोचिडी घातक प्रमाणांत टिकतात, आणि ती दाटी पाऊण मूसच्या खालीं आली कीं त्या फारशा राहत नाहींत. ही गोचीड एकाच यजमानावर जगणारी. शरदांत यजमान भेटला नाहीं तर तिचा वंश तेथेंच खुंटतो. म्हणून २०१९ सालीं मूसची शिकार अजिबात बंद ठेवणाऱ्या व्हरमॉन्टनें २०२० पासून आपल्या ईशान्य कोपऱ्यांत ती पुन्हां सुरू केली. मेननें २०२१ सालीं वायव्येकडील एका विभागाचा अर्धा भाग निवडून तेथें मुख्यतः माद्यांच्या शिकारीचे आणखी ५५० परवाने दिले, आणि पांच वर्षांचा प्रयोग आंखला. दुसऱ्या अर्ध्या भागांत पूर्वींचाच क्रम ठेवावयाचा, आणि दोहोंकडील पाडसांची तुलना करावयाची.

यावर तेथें वाद झाला, आणि तो होणें योग्यच होतें. निसर्गप्रेमी म्हणाले, गोचिडी पाडसांना मारीतच आहेत, त्यांत आपण मातांना मारण्याची भर कां घालावी? पुष्कळ शिकाऱ्यांनाही मादीवर नेम धरणें आवडत नाहीं. हवा बिघडविली माणसानें आणि शिक्षा मूसला, हें त्यांचें म्हणणें सहजासहजीं खोडून काढतां येणार नाहीं. तरीही माझें मत विचाराल तर मी त्या अधिकाऱ्यांच्या बाजूनें आहें. गोळीनें पडणारी मादी एका क्षणांत पडते आणि तिचें मांस एखाद्या घरीं हिंवाळाभर पुरतें. गोचिडीचें पाडस आठ आठवडे मरत असतें आणि शेवटीं कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. शिवाय हे लोक आपल्या उपायाची खात्री असल्याचा आव आणीत नाहींत. त्यांनीं रानाचे दोन भाग पाडले, दोहोंकडे पट्टे बांधले, आणि एप्रिलांतील संकेतांकडे कान लावून बसले. तेथल्या रानांत पहिलें बर्फ ऑक्टोबरअखेर येतें कीं नोव्हेंबरच्या मध्यावर, हें मात्र कोणत्याही परवान्यावर लिहितां येत नाहीं.